सोमवारची धाप

काही वर्षांपूर्वी एम. ए. च्या वर्गात गिरणगाव आणि मराठी साहित्य हा घटक शिकवत असताना एका विद्यार्थिनीने सहज एक आठवण सांगितली. तिचे आजोबा मुंबईच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. सोमवारी संध्याकाळी ते घरी आले की कुणाशी बोलत नसत. उशी पोटाशी धरून दाराशी बसून राहत. आजी मुलांना दटावायची, "आज सोमवार आहे, त्यांना काही विचारू नका." मंगळवारी जरा बरे असत आणि बुधवारपासून पुन्हा नेहमीसारखे. वर्गात हशा पिकला. रविवारची उतरली नसेल, असे मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "आजोबा माळकरी होते."

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. आठवडाभर राबून शनिवारी माणूस थकला तर समजण्यासारखे आहे. पण सुट्टीनंतरच्या दिवशीच त्याची छाती का भरून यावी? याचा उलगडा पुढे झाला तो वैद्यकाच्या पुस्तकात, साहित्याच्या नव्हे. त्या उलगड्यापर्यंत पोचण्यासाठी कारखान्यांच्या कायद्याचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो. हा इतिहास आपल्याकडे बहुधा कामगार चळवळीचा किंवा अर्थकारणाचा भाग म्हणून सांगितला जातो. काय पाहिले, काय मोजले आणि काय नजरेतून निसटले, याचाही तो इतिहास आहे. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे वळायला हरकत नसावी.

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या वीस वर्षांत मुंबईत गिरण्यांची रांग उभी राहिली. या गिरण्यांत माणसे किती तास राबतात, पोरे कोणत्या वयाची आहेत, पट्ट्यांना आणि चाकांना कठडे आहेत की नाहीत, हे विचारणारा कोणताही कायदा नव्हता. हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला तो लँकेशायरमधून, आणि त्यामागे सारी करुणाच होती असे कुणी म्हणणार नाही. मुंबईचे सूत आणि कापड बाजारात आले तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीमालकांना एकाएकी मुंबईच्या मजुरांची दया आली. आम्हाला कायदा लागू आणि त्यांना मात्र मोकळीक, हे कसे, असा त्यांचा सवाल होता. याच मंडळींना हिंदुस्थानातील आयात कापडावरची जकातही रद्द करून हवी होती. या दबावाखाली मुंबई सरकारने १८७५ मध्ये एक आयोग नेमला. आयोगाच्या बहुसंख्य सदस्यांना कायद्याची गरज वाटली नाही.

ती वाटली एका पारशी गृहस्थाला. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये स्वतः एका विधेयकाचा मसुदा तयार केला. शेवटी १ जुलै १८८१ पासून हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा अमलात आला. तो वाचताना आज हसावे की रडावे ते कळत नाही. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरताच तो होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायचे नाही. सात ते बारा वयाच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा अधिक काम घ्यायचे नाही. त्यांना मध्ये तासभर विश्रांती आणि महिन्यातून चार सुट्ट्या द्यायच्या. धोकादायक यंत्रांना कठडे घालायचे. अपघाताची वर्दी द्यायची. प्रौढ पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या कामाच्या तासांविषयी कायदा गप्प होता.

त्याच वर्षी पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. या कायद्याबद्दल राष्ट्रवादी पत्रांची भूमिका आपण वर्गात सहसा सांगत नाही. सांगायला अवघड जाते म्हणून असेल. 'मराठा', 'अमृत बझार पत्रिका' यांसारख्या पत्रांनी कारखाना कायद्याला विरोध केला. स्वदेशी उद्योगाचा गळा घोटण्याचा हा मँचेस्टरचा डाव आहे, असे त्यांना वाटत होते, आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते. कायदा मागणाऱ्याचा हेतू स्वार्थी होता, कायद्याला विरोध करणाऱ्याचा हेतू देशहिताचा होता, आणि या दोघांच्या मधे सात वर्षांचे पोर त्रासन खात्यात उभे होते. माझ्या मते आपल्या आधुनिक वैचारिक इतिहासातील ही एक मोठी पेचाची जागा आहे. नंतरच्या अनेक वादांत, अगदी पर्यावरणाच्या वादांतही, हाच पेच पुन्हा दिसतो. मागणी कुणाची आहे हे पाहताना, बोट कुणाचे तुटले आहे हे पाहायचे राहून जाते.

ते पाहणारा एक माणूस मुंबईत होता. नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक परंपरेतले. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' त्यांनी १८८० मध्ये मुंबईत आणून चालवले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. त्यातल्या मागण्या अशा : दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. आणि आणखी एक, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही : कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण मजुरी मिळावी आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी.

१८८४ साली ही मागणी करायला काय धैर्य लागले असेल ते समजून घ्यायला हवे. तोवरच्या समजुतीनुसार यंत्रात हात गेला तर तो कामगाराचा निष्काळजीपणा, नाहीतर नशीब. जखम ही गिरणीच्या खर्चाची बाब आहे, तिचा हिशेब मालकाच्या वहीत लागला पाहिजे, हा विचार लोखंडे आणि त्यांच्यासोबतच्या कामगारांनी मांडला. तो कायद्यात उतरायला १९२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षीचा नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला.

रविवार मात्र त्यामानाने लवकर मिळाला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही युक्तिवाद लोखंड्यांच्या नावे सांगितला जातो. त्याच वर्षीच्या आयोगावर सोराबजी बंगाली सदस्य होते आणि लोखंडे स्थानिक सहसदस्य. १८९१ च्या दुरुस्तीने मुलांचे किमान वय नऊ झाले आणि स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा ठरला. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले.

येथे थोडे विषयांतर. या आयोगांपुढे कामगारांनी दिलेल्या साक्षी हे एकोणिसाव्या शतकातील कष्टकऱ्यांच्या बोलण्याचे दुर्मीळ साधन आहे. पण या साक्षी आपल्यापर्यंत आल्या त्या इंग्रजीत. कोकणातून किंवा घाटावरून आलेला माणूस आपल्या बोलीत बोलला, दुभाष्याने त्याचे इंग्रजी केले, आणि छापले गेले ते इंग्रजी. दम लागणे, धाप लागणे, छाती भरणे, ऊर दाटणे, कोंडमारा होणे यांतले त्याने नेमके काय म्हटले होते, हे आता कळायला मार्ग नाही. असो.

१८९१ नंतरची वाट भराभर सांगता येईल. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची जुनी मर्यादा संपली. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९०८ च्या आयोगात डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून प्रौढ पुरुषांच्या तासांवरही थेट मर्यादा हवी असे मांडले. १९११ मध्ये कापडगिरण्यांत ती बारा तासांची झाली, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने आठवडा ४८ तासांचा राहिला आणि दिवसाची मर्यादा नऊ तासांची ठरली. वय, तास, सुट्टी, कठडा : या चार गोष्टी कायदा हळूहळू मोजायला शिकला. त्या मोजता येत होत्या. घड्याळ भिंतीवर असते, कठडा निरीक्षकाला हाताने हलवून पाहता येतो, तुटलेले बोट दिसते.

१९२३ च्या भरपाईच्या कायद्याला जोडलेले पहिले परिशिष्ट या दृष्टीने जरूर वाचावे. त्यात देहाच्या एकेका अवयवाची टक्केवारी दिली आहे. अंगठ्याची वेगळी, तर्जनीची वेगळी, उरलेल्या बोटांची वेगळी, डोळ्याची वेगळी. आणि उजवा हात डाव्यापेक्षा महाग. भाषेच्या अंगाने पाहिले तर हा एक विलक्षण मजकूर आहे. पण त्याच कायद्यातील धंदेवाईक रोगांच्या मूळ यादीत तीनच नावे होती : अँथ्रॅक्स, शिशाची विषबाधा आणि फॉस्फरसची विषबाधा. ज्या शहरात सर्वांत मोठा धंदा कापसाचा, तिथल्या कामगारांनाही लागू असलेल्या या यादीत कापसाच्या धुळीचे नाव नव्हते.

वाचकांपैकी अनेकांनी गिरणी आतून पाहिलेली नसेल, म्हणून सांगतो. ब्लो रूममध्ये गाठी फोडून कापूस झोडपला जातो. त्यातली पाने, बोंडाच्या सालीचे कण, माती हवेत उडते. मग कार्डिंग. तेथे तंतू विंचरले जातात आणि बारीक पूस माणसाच्या भुवयांवर, मिशांवर बसते. पुढे त्रासन खाते, वायंडिंग, आणि शेवटी साचे. हवा कोरडी असली की सूत तुटते, म्हणून साच्यांच्या खात्यात वाफ सोडत आणि खिडक्या बंद ठेवत. हवेतील ओलाव्याचा प्रश्न इतका मोठा होता की १९२३ मध्ये त्यावर टी. मॅलोनी यांचा स्वतंत्र सरकारी अहवाल निघाला. गिरणीतली हवा कशी असावी हे मुख्यतः सुताच्या प्रकृतीवरून ठरत होते.

साच्याच्या खात्यातली आणखी एक गोष्ट साहित्याच्या वाचकाला ठाऊक असायला हवी. मामा वरेरकरांची 'धावता धोटा' ही कादंबरी आपण वाचतो. पण त्या धोट्यात नवी कांडी घातल्यावर सुताचे टोक भोकातून बाहेर काढण्यासाठी विणकर ते तोंडाने ओढून घेत असे, हे कितीजणांना माहीत असते? एकच धोटा अनेकांच्या ओठांना लागे. लँकेशायरमध्ये या रिवाजाकडे रोगप्रसाराचा धोका म्हणून पाहिले गेले आणि १९५२ मध्ये तो कायद्याने बंद झाला. मुंबईत मात्र त्या थुंकीत लोकांना क्षय दिसला नाही, विटाळ दिसला. अस्पृश्य कामगाराच्या ओठाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, असे म्हणून सवर्ण विणकरांनी त्यांना जास्त मजुरीच्या साचा खात्यात येऊ दिले नाही, आणि मालकांनीही ते चालू दिले. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली, ती या पार्श्वभूमीवर. आरोग्याचा एक सरळ प्रश्न जातीच्या शब्दांत बोलला गेला की त्यातले आरोग्य कसे नाहीसे होते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

आता सोमवार. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या रोगाचे नाव बिसिनोसिस. हे नाव पहिल्यांदा वापरले फ्रेंच डॉक्टर आद्रियाँ प्रूस्त यांनी, १८७७ साली, सार्वजनिक आरोग्यावरील आपल्या ग्रंथात. हे गृहस्थ म्हणजे कादंबरीकार मार्सेल प्रूस्तचे वडील. मार्सेलला पहिला मोठा दम्याचा झटका आला तो नऊ वर्षांचा असताना, म्हणजे आपला पहिला कारखाना कायदा झाला त्याच सुमारास. पुढचे आयुष्य त्याने धुळीला आणि परागांना भीत, बंद खोलीत काढले. योगायोगातून काही सिद्ध होत नाही. पण त्या घरात श्वास हा विषय किती होता, एवढे मनात येऊन जाते.

या रोगाचे लक्षण असे की सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी, खात्यात शिरल्यावर काही तासांनी छाती आवळते आणि धाप लागते. आठवडा सरत जातो तसा देह धुळीला सरावतो आणि त्रास कमी होतो. रविवारी माणूस धुळीपासून दूर राहतो, तो सराव मोडतो, आणि सोमवारी पुन्हा तेच. ही पहिली पायरी. काही वर्षांनी धाप सोमवारवरून मंगळवार-बुधवारवर पसरते. शेवटी सगळे वार सारखे होतात आणि काम सोडले तरी दम सुटत नाही. एक्स-रेमध्ये या रोगाची अशी खास खूण दिसत नाही. डॉक्टरला तो ओळखता येतो तो मुख्यतः एक प्रश्न विचारून : त्रास कोणत्या वारी होतो?

लोखंड्यांनी मिळवलेल्या रविवारनेच हा रोग दिसण्याची सोय केली होती, असे मला वाटते. सातही दिवस कामात गेले असते तर सोमवार वेगळा कळलाच नसता. पण तो प्रश्न विचारणारे फार उशिरा आले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी १९७० नंतर गिरणी कामगारांच्या फुप्फुसांच्या पाहण्या केल्या. तोवर खोकणारा कामगार क्षयाचा, नाहीतर विडीचा, नाहीतर चाळीतल्या कोंदट खोलीचा बळी ठरत असे. या कारणांतही तथ्य होतेच, म्हणून तर मालकाचे काम सोपे झाले. शिवाय मुंबईचा गिरणी कामगार रत्नागिरी-साताऱ्याकडचा. छातीने साथ सोडली की तो गावी जाई. हजेरीपटावरून नाव निघे, बदली कामगार त्याच्या जागी येई, आणि उरलेला खोकला कोकणातल्या किंवा घाटावरच्या एखाद्या पडवीत संपे. गिरणीच्या कोणत्याही वहीत त्याची नोंद होण्याचे कारण नव्हते. तुटलेले बोट गिरणीच्या आवारातच तुटते. छाती तशी एका जागी आणि एका दिवशी मोडत नाही.

कायद्याला धूळ ठाऊक नव्हती असे नाही. १९४८ च्या कायद्याचे १४ वे कलम धुळीविषयीच आहे. २७ व्या कलमाने तर कापूस फोडण्याचे यंत्र चालू असते त्या भागात स्त्रियांना आणि मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. म्हणजे तिथली हवा वाईट आहे हे विधिमंडळाला मान्य होते. प्रौढ पुरुषाच्या फुप्फुसाला ती चालेल, असे गृहीत होते. पुढे बिसिनोसिसचे नाव या कायद्याच्या परिशिष्टात आले, मालकाने आणि डॉक्टरने त्याची वर्दी देणे बंधनकारक झाले. कायद्याचा गोषवारा कामगारांच्या भाषेत फलकावर लावायचा, असेही कलम आहे. गिरणीच्या दरवाजाजवळचा तो मराठी फलक म्हणजे आपल्या भाषेतल्या सर्वांत जास्त लोकांच्या नजरेखालून गेलेल्या आणि सर्वांत कमी वाचल्या गेलेल्या गद्यापैकी एक असावा. निरीक्षक आला की फलक आहे का, कठडा आहे का, रजिस्टर भरले आहे का, हे पाहून जाई. अशा रीतीने कायद्याचे पालन होत असे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढच्या काळात गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये त्यानंतरचे घर आहे. गिरण्या मिटत असतानाच भोपाळला २ डिसेंबर १९८४ ची रात्र आली. तेव्हा मात्र धोका भिंतीबाहेर पडून वस्तीत शिरला होता, आणि म्हणून तो दिसला. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि १९८७ ची कारखाना कायद्यातील दुरुस्ती ही त्यानंतरची. या दुरुस्तीने घातक प्रक्रियांच्या कारखान्यांत, आपण कशात काम करतो आहोत याची माहिती मिळण्याचा हक्क कामगाराला पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत दिला. १९९० च्या दशकात मुंबईतील काही डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी गिरणी कामगारांना बिसिनोसिसची भरपाई मिळवून देण्यासाठी धडपड केली. पण तोवर अनेकांच्या गिरण्यांना कुलपे लागली होती.

१९४८ चा कायदा आता इतिहासजमा झाला. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात ठरावीक कामगारांसाठी वर्षातून एकदा मोफत वैद्यकीय तपासणी आहे, ही चांगली गोष्ट. त्याचबरोबर वीज वापरणारा कारखाना म्हणजे पूर्वी दहा माणसांचा, तो आता वीस माणसांचा झाला आहे. आणि निरीक्षकाच्या पदनामाला सुविधाकार जोडला गेला आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या छोट्या शेडमध्ये जाऊन आलेल्यांना वीस या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्या विद्यार्थिनीला मी हे सारे नंतर सांगितले. तिने घरी जुने कागद शोधले. आजोबांच्या दवाखान्याच्या कागदावर दमा एवढेच लिहिले होते. संपानंतर ते गावी गेले आणि आजीला पुढे वार पाहण्याची गरज उरली नाही. मग तिने आपल्या प्रकल्पासाठी लालबाग-परळमधल्या काही वृद्ध कामगारांशी बोलायचे ठरवले. संप, युनियन, भजनी मंडळ, खानावळ, सगळ्याविषयी ते तासन्‌तास बोलत. शेवटी ती विचारायची, सोमवारी छातीला जास्त त्रास व्हायचा का? एक आजोबा तिच्याकडे जरा नवलाने पाहत म्हणाले, "सोमवारी होय? अगं, ते तर सगळ्यांनाच व्हायचं. त्यात काय सांगायचं?"